इंग्लंडमध्ये घर घेताय? सॉलिसिटर कसा निवडायचा आणि त्याला काय काय विचारायचं

इंग्लंडमध्ये घराची ऑफर मान्य झाली की त्याच दिवशी इस्टेट एजंटचा फोन येतो. "तुमचा सॉलिसिटर कोण? नसेल तर आमच्या ओळखीचे आहेत, लगेच कामाला लागतील." सॉलिसिटर म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील. नवा देश, नवा कायदा, नोकरी सांभाळून चाललेली धावपळ. आपली बरीच मंडळी तिथल्या तिथे हो म्हणून मोकळी होतात. एवढ्या सहज हो म्हणू नका, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितोय.

या व्यवहारात एजंटला पैसे देतो तो विकणारा. मॉर्गेज ब्रोकरची कमाई कर्ज पार पडण्यावर. बँक जो व्हॅल्युअर पाठवते, तो बँकेचे पैसे बुडणार नाहीत ना एवढंच बघतो. तुमचं हित बघायला बांधील असलेला माणूस एकच, तुमचा सॉलिसिटर. तो तुम्ही स्वतः निवडा. आणि निवडलात की दोन गोष्टी त्याला पहिल्याच दिवशी सांगा: भारतात तुमच्या नावावर कुठे घर किंवा घराचा हिस्सा आहे का, आणि या घरासाठीचा पैसा नेमका कुठून येणार आहे. आपल्या लोकांचे व्यवहार अडकायच्या या दोन हमखास जागा आहेत.

पुढचं सगळं इंग्लंडबद्दल आहे. वेल्सची पद्धत जवळपास तीच, पण घरखरेदीवरचा कर निराळा. स्कॉटलंडमध्ये तर व्यवहाराची रीतच वेगळी, तिथे घर घेणाऱ्यांनी तिथलाच सॉलिसिटर गाठावा.

ऑफर मान्य झाली, पण पक्कं काहीच नाही

महाराष्ट्रात आपण टोकन देतो, मग करारनामा होतो, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन फोटो, अंगठे, सह्या होतात. ते झालं की जीव भांड्यात पडतो. इथे कुठल्याही सरकारी कचेरीत जावं लागत नाही आणि टोकनही नसतं. १९८९ च्या कायद्यानुसार जमीन-घराचा करार लेखी हवा, त्यात सगळ्या अटी हव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. त्यामुळे मान्य झालेली ऑफर कायद्याने कोणालाच बांधत नाही. दोन महिन्यांनी दुसरा कोणी दहा हजार पाऊंड जास्त देतो म्हणाला, तर विकणारा तुम्हाला सोडून त्याच्याकडे जाऊ शकतो. याला इथे गझम्पिंग म्हणतात. चीड येते, पण ते बेकायदेशीर नाही. तसंच, मधल्या काळात काही वाईट सापडलं तर तुम्हीही बाहेर पडू शकता. तोवर सर्व्हे (बांधकामाची तपासणी) आणि सर्च (नगरपालिका वगैरेंकडून मागवलेली माहिती) यांवर झालेला खर्च मात्र गेला.

व्यवहार पक्का होतो तो 'एक्सचेंज'च्या दिवशी. कराराच्या दोन सारख्या प्रती असतात, एकीवर तुमची सही, दुसरीवर विकणाऱ्याची. दोघांचे सॉलिसिटर फोनवर बोलतात, तारीख आणि वेळ लिहून घेतात आणि करार झाला असं ठरतं. त्या वेळी साधारण दहा टक्के डिपॉझिट भरलेलं असतं. यानंतर मागे फिरलात तर ते डिपॉझिट जाऊ शकतं, वर नुकसानभरपाईही मागितली जाऊ शकते. म्हणून मनातली प्रत्येक शंका एक्सचेंजच्या आधी विचारून घ्यायची. आणखी एक: प्रचलित करारात घराची जोखीम एक्सचेंजपासूनच तुमच्यावर येते, म्हणजे चावी हातात नसतानाही घराचा विमा त्या दिवसापासून तुमच्या नावाने चालू हवा.

उरलेले पैसे जातात आणि चावी मिळते तो दिवस 'कंप्लिशन'चा. मालकी तुमच्या नावावर करणारा टीआर-वन नावाचा दस्त असतो, त्यावर सही करताना साक्षीदार समोर हजर लागतो. शेजारी, ऑफिसातला सहकारी कोणीही चालतो; ज्याचं नाव त्या दस्तात आहे तो चालत नाही. नवराबायको मिळून घर घेत असतील तर ते एकमेकांचे साक्षीदार होऊ शकत नाहीत. एवढ्याशा चुकीपायी दस्त परत येतात.

सगळ्याला मिळून तीन-चार महिने धरून चाला. विकणाराही दुसरीकडे घर घेत असेल आणि त्याचा विकणारा तिसरीकडे, तर ही साखळी सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालते.

कोणाला काम द्यायचं

घराचं काम सॉलिसिटर करू शकतो किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर. दुसरा फक्त मालमत्तेच्या व्यवहारांत शिकलेला आणि परवानाधारक असतो. साध्या घरासाठी दोघंही चालतात. घटस्फोट, वारसाचा वाद, भाऊ-भावजयीबरोबर मिळून खरेदी असं काही गुंतलेलं असेल तर सॉलिसिटर बरा. सॉलिसिटरवर देखरेख सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीची, कन्व्हेयन्सरवर काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सची. दोन्हींच्या यादीत नाव ऑनलाइन तपासता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. लॉ सोसायटीची कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम असते, त्यात फर्म आहे का तेही बघा.

एजंटने सुचवलेला माणूस वाईटच असतो असं नाही. पण त्या शिफारशीमागे बऱ्याचदा रेफरल फी असते. ती किती आहे हे सॉलिसिटरने तुम्हाला सांगायला हवं. 'आमचाच सॉलिसिटर घेतलात तर मालक तुमची ऑफर मान्य करेल' असं एजंट सुचवू लागला तर लेखी मागा. नव्या इमारतीत बिल्डर तर सरळ सांगतो की आमच्या यादीतला घ्या, काही हजार पाऊंडांची सूट देतो, फक्त २८ दिवसांत एक्सचेंज करा. वर्षानुवर्षं त्या बिल्डरकडून काम मिळणारा माणूस त्याच बिल्डरच्या करारातल्या खोडी काढायला किती उत्सुक असेल, याचा विचार करूनच सूट घ्या. मला विचाराल तर घेऊ नये.

मग विचारायचं काय? पहिलं, 'तुम्ही माझ्या बँकेच्या पॅनेलवर आहात का?' तुमचा सॉलिसिटर सहसा बँकेचंही काम बघतो, आणि बँक आपल्या यादीबाहेरच्या फर्मला ते देत नाही. नसेल तर बँकेसाठी दुसरा वकील, त्याची फी वेगळी आणि वेळ वेगळा. दुसरं, 'माझी फाइल प्रत्यक्षात कोण बघणार, आणि तो माणूस सुट्टीवर गेला तर कोण?' स्वस्त ऑनलाइन फर्ममध्ये खरी तक्रार ज्ञानाबद्दल नसते, फोन कोणी उचलत नाही ही असते. रिव्ह्यू वाचताना पाच तारे बाजूला ठेवा, एक ताऱ्याचे वाचा. त्यात तीच तीच गोष्ट दिसली तर ती खरी धरा. तिसरं, 'भारतातून आलेल्या पैशाची कागदपत्रं तुम्ही याआधी हाताळली आहेत का?' यावर समोरचा गोंधळला तर पुढची फर्म बघा.

लंडन आणि परिसरातल्या हॅरो, स्लाव, हाउन्स्लो भागात हिंदी-गुजराती बोलणारे, क्वचित मराठीही बोलणारे वकील भेटतात. आईबाबांना समजावून सांगायला त्याचा उपयोग होतो. पण भाषा ही निवडीची पहिली कसोटी नव्हे. वरच्या तीन प्रश्नांना नीट उत्तर देणारा माणूस इंग्रजीत बोलला तरी चालेल.

फीबद्दल. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीच्या कामाचे दर वेबसाइटवर द्यावेच लागतात. तरीही वरचा आकडा बघून ठरवू नका. मूळ फी, त्यावर व्हॅट, मग सर्चेसचे पैसे, मालकीची सरकारी नोंद ठेवणाऱ्या लँड रजिस्ट्रीची फी, बँकेत पैसे पाठवायचा चार्ज, प्रत्येक माणसामागे ओळख तपासणी, लीजहोल्ड (ठरावीक वर्षांसाठीचाच हक्क) असेल तर जादा, डिपॉझिटमध्ये कोणाची भेट असेल तर जादा, स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरायचे वेगळे. हे सगळं धरून एकच लेखी आकडा मागा आणि तोच दुसऱ्या फर्मच्या आकड्याशी ताडून बघा. 'व्यवहार मोडला तर फी नाही' असं असेल, तरी सर्चचे पैसे त्यात येत नाहीत हे लक्षात ठेवा.

पुण्यातला फ्लॅट आणि इथली स्टॅम्प ड्युटी

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे पंचवीस हजार पाऊंडांचा फरक पडू शकतो.

१ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये घराच्या किमतीतल्या पहिल्या सव्वा लाख पाऊंडांवर कर नाही, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, पुढे सव्वानऊ लाखांपर्यंत ५ टक्के. पहिलंच घर घेणाऱ्याला सवलत आहे: तीन लाखांपर्यंत शून्य, तीन ते पाच लाखांमधल्या भागावर ५ टक्के. घर पाच लाखांच्या वर गेलं तर ही सवलत पूर्ण जाते. आणि ज्याच्याकडे आधीच दुसरं घर आहे त्याला पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के.

चार लाखांचं घर घ्या. पहिलं घर असेल तर कर पाच हजार. सवलत नसेल तर दहा हजार. दुसरं घर धरलं गेलं तर तीस हजार.

आता 'पहिलं घर' म्हणजे काय? इंग्लंडमधलं पहिलं नव्हे, जगातलं पहिलं. कोथरूडचा वन बीएचके, बदलापूरला गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट, बाबांना गृहकर्ज जास्त मिळावं म्हणून करारनाम्यात टाकलेलं तुमचं नाव, हे सगळं मोजलं जातं. वारसाने आलेला हिस्सासुद्धा. सांगलीचं घर वडिलांच्या पश्चात आई आणि तुम्ही तिघं भावंडं यांच्या नावावर आलं असेल, तर तुम्ही इथे पहिल्यांदा घर घेणारे ठरत नाही. वारसनोंद अजून झाली नाही म्हणून हिस्सा नाही, असंही समजू नका. शिवाय दोघांनी मिळून घर घेतलं तर सवलतीसाठी दोघांचंही ते पहिलंच घर असावं लागतं. बायकोच्या नावावर नाशिकला फ्लॅट असेल तर नवऱ्याचीही सवलत गेली.

दुसऱ्या घराचा जादा ५ टक्के वेगळ्या हिशोबाने लागतो, आणि लोक हे दोन नियम एकात मिसळतात. तिथे प्रश्न असा असतो, की खरेदीच्या दिवसअखेर तुमच्याकडे जगात कुठेही ४० हजार पाऊंड किंवा जास्त किमतीचं दुसरं घर किंवा हिस्सा आहे का. पाऊंड ११५ ते १२० रुपयांना धरला तर हे ४६ ते ४८ लाख होतात. नवराबायको एकत्र राहत असतील तर दोघांना एकच धरतात. गेल्या तीन वर्षांत वारसाने आलेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा यातून वगळला जातो. तसंच, बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलंत, तर तो हिस्सा आता तुमचा नाही, जादा ५ टक्क्यांच्या हिशोबात तो येत नाही. पण पहिल्या घराची सवलत तरी परत मिळत नाही, कारण एकदा तुम्ही मालक होता. शेतजमीन हे घर नाही, त्यामुळे नुसत्या सातबाऱ्यावर नाव असेल तर घाबरू नका. त्या जमिनीत राहतं घर असेल तर मात्र सांगा.

नुकतेच इथे आलेल्यांसाठी आणखी एक. खरेदीआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही किमान १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेले नसाल तर २ टक्के जादा लागू शकतो. नंतर ठरलेल्या मुदतीत तेवढे दिवस भरले तर तो परत मागता येतो.

सॉलिसिटर प्रश्नावली पाठवतो, त्यात हे विचारलेलं असतं, आणि आपण 'यूकेत घर नाही' या अर्थाने 'नाही'वर खूण करतो. फॉर्मवर सही तुमची असते. चुकीचा कर भरला गेला तर फरक, व्याज आणि दंड तुमच्याच दाराशी येतो. काही फर्म आपल्या पत्रात स्पष्ट लिहितात की आम्ही करसल्ला देत नाही. तसं असेल तर भारतातल्या घराचे कागद घेऊन एखाद्या करसल्लागाराला तासभर दाखवा. तीस हजारांपुढे त्याची फी काहीच नाही.

पैसा कुठून आला?

मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटरला प्रत्येक मोठ्या रकमेचा उगम तपासावा लागतो. हा तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. ब्रिटिश माणसालाही हेच विचारतात. फरक इतकाच, की आपल्या पैशाची वाट लांबची असते. आईबाबांनी एफडी मोडली, ते पैसे बचत खात्यात आले, तिथून इकडे आले, यातल्या प्रत्येक पायरीचं बँक स्टेटमेंट हवं. आईबाबांचे पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, आणि 'ही भेट आहे, परत घ्यायची नाही, घरात आमचा हक्क नाही' असं सहीचं पत्र. हे पत्र बँकेलाही लागतं. सोनं विकलं असेल तर सराफाची पावती आणि खात्यात आलेली रक्कम जुळायला हवी. भिशीच्या पैशाला कागद नसतो, म्हणून तो या कामात धरूच नका.

भारतातल्या रहिवाशाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवायच्या) योजनेत वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि ठरावीक रकमेच्या वर बँक टीसीएस (आगाऊ कर) कापून घेते. तो आयकर विवरणात वळता होतो, पण त्या दिवशी हातातून जातो, त्यामुळे इथे पोचणारी रक्कम कमी भरते. तुमच्या स्वतःच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या) खात्यातून आणायचे तर सीएचं प्रमाणपत्र लागतं. पुण्यातला फ्लॅट विकून पैसे आणणार असाल तर घेणारा टीडीएस कापणार, आणि कमी दराचं प्रमाणपत्र आधी काढलं नसेल तर मोठी रक्कम तिकडे अडकून पडते. म्हणून ऑफर द्यायच्या आधीच पैसे इथल्या खात्यात आणून ठेवलेले बरे. एक्सचेंजच्या आठवड्यात बँकेच्या शाखेत 'साहेब रजेवर आहेत' ऐकायची वेळ येऊ नये.

नावांचंही बघा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, बँकेत नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, पॅनवर माहेरचं. इथली ओळख तपासणी यावर हमखास अडखळते. विवाह प्रमाणपत्र आणि जुन्या-नव्या नावाचं प्रतिज्ञापत्र आधीच देऊन ठेवा.

कागदात काय शोधायचं

इंग्लंड-वेल्समधली बहुतेक घरं लँड रजिस्ट्रीत नोंदलेली आहेत. त्या नोंदीची प्रत सात पाऊंडांत कोणालाही ऑनलाइन मिळते. आपल्या प्रॉपर्टी कार्डासारखीच ही वाचायची असते. पहिल्या भागात मालमत्तेचं वर्णन आणि तिच्या फायद्याचे हक्क, दुसऱ्यात मालकाचं नाव, तिसऱ्यात बोजे: विकणाऱ्याचं मॉर्गेज आणि घरावरची जुनी बंधनं. शंभर वर्षांपूर्वीच्या मालकाने घातलेली 'इथे धंदा करायचा नाही', 'मागे बांधकाम करायचं नाही' अशी बंधनं आजही लागू असू शकतात. मागे मोठं स्वयंपाकघर काढायचं, बागेत खोली बांधायची असा तुमचा बेत असेल तर तो सॉलिसिटरला सांगा. बेत माहीत नसेल तर त्या बंधनाकडे तो 'नेहमीचंच आहे' म्हणून बघेल.

सर्चेस म्हणजे नगरपालिका, पाणी-सांडपाणी कंपनी आणि पर्यावरणविषयक कंपन्यांकडून मागवलेली माहिती. समोरून रस्ता रुंद होणार आहे का, पूर येतो का, जमिनीत जुना कारखाना होता का, खाणीच्या भागात खाली पोकळ आहे का. एक विचित्र वाटणारी सर्च चर्चदुरुस्तीची असते. काही जमिनींच्या मालकांवर गावातल्या चर्चच्या दुरुस्तीचा खर्च द्यायची मध्ययुगीन जबाबदारी आहे. वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावात मालमत्ता असलेल्या एका जोडप्याकडे सुमारे ९५ हजार पाऊंडांची मागणी झाली आणि २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती जबाबदारी मान्य केली. ऑक्टोबर २०१३ नंतर हा हक्क नोंदलेला नसेल तर नव्या खरेदीदाराला सहसा तोशीस नाही, तरी सर्च आजही मागवतात.

लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते ती बांधकामात. माळ्यावर काढलेली खोली, मागचं वाढीव बांधकाम, बदललेल्या खिडक्या यांना परवानगी होती का? एप्रिल २०२४ पर्यंत बेकायदा बांधकामाला चार वर्षं झाली की नगरपालिका नियोजन परवानगीच्या नावाने हात लावू शकत नसे. त्यानंतर पूर्ण झालेल्या कामांसाठी ती मुदत दहा वर्षं झाली. कागद नसतील तर विकणारा इन्डेम्निटी विमा (परवानगी नसल्यामुळे पुढे नुकसान झालं तर भरपाई देणारा) देऊ करतो. इथे एक सावधगिरी: सॉलिसिटरला न विचारता तुम्ही स्वतः नगरपालिकेला फोन करून चौकशी केलीत, तर तो विमाच मिळेनासा होऊ शकतो. आणि विमा कागदाची उणीव भरतो, भिंत सरळ करत नाही. भिंतीसाठी स्वतंत्र सर्व्हे लागतो. तो करायला सर्व्हेअर हवा, सॉलिसिटर घर बघायला कधीच येत नाही.

फ्लॅट घेताय तर तो बहुधा लीजहोल्ड असतो. आपल्याकडे सोसायटी सभासदांची असते, मेंटेनन्स सभेत ठरतो, भांडणं झाली तरी आपापसात. इथे इमारत फ्रीहोल्डरची (मूळ मालकाची), जो कुठल्या तरी दूरच्या शहरातली कंपनी असतो, आणि तुम्ही ठरावीक वर्षांसाठीचे धारक. लीजची किती वर्षं उरली हे पहिलं बघा. ऐंशीच्या खाली गेली की मुदत वाढवणं महाग होतं. २०२४ च्या कायद्याने हा जादा खर्च काढून टाकायची तरतूद केली, पण त्या कायद्याचे भाग टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, म्हणून आज काय लागू आहे ते सॉलिसिटरकडून लेखी घ्या.

मग ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं. ३० जून २०२२ पासून नव्या लीजवर तो जवळपास शून्यावर आणला. जुन्या लीजमध्ये मात्र 'दर दहा वर्षांनी दुप्पट' अशी एक ओळ असू शकते. २५० पाऊंडांपासून सुरुवात झाली तर दहा वर्षांनी ५००, वीस वर्षांनी हजार, तिसाव्या वर्षी दोन हजार, पन्नासाव्या वर्षी आठ हजार. अशा फ्लॅटवर कर्ज द्यायला बँका कुरकुरतात, म्हणजे उद्या विकताना गिऱ्हाईक मिळत नाही.

सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभालखर्चाचे) गेल्या तीन वर्षांचे हिशोब मागवा, आणि सेक्शन २० ची नोटीस निघाली आहे का ते विचारा. मोठ्या दुरुस्तीत एका फ्लॅटचा वाटा २५० पाऊंडांच्या वर जाणार असेल तर ती नोटीस द्यावी लागते. छत किंवा लिफ्टचं काम असेल तर बिल हजारोंत येतं. १४ जून २०१७ ला लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. तेव्हापासून उंच इमारतींच्या बाहेरच्या आवरणाची तपासणी होते. ११ मीटरच्या वरच्या किंवा पाच मजली इमारतीत फ्लॅट घेत असाल तर या तपासणीचा ईडब्ल्यूएस-वन फॉर्म आहे का, आणि २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याचं दुरुस्तीखर्चापासूनचं संरक्षण या फ्लॅटच्या लीजला आहे का, हे दोन्ही विचारा. इथे उत्तर मिळाल्याशिवाय एक्सचेंज करू नका. मग एजंट कितीही घाई करो.

नाव कोणाचं, हिस्सा किती

दोघांच्या नावावर घर घेण्याचे दोन प्रकार आहेत. जॉइंट टेनंट्स असाल तर एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. टेनंट्स इन कॉमन असाल तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा, तो मृत्युपत्राने देता येतो. नवराबायकोंना पहिला सोयीचा वाटतो. पण एकाच्या आईबाबांनी साठ हजार दिले असतील, किंवा दोन भाऊ मिळून घेत असतील, तर दुसरा प्रकार घ्या आणि सोबत डिक्लेरेशन ऑफ ट्रस्ट करून कोणाचे किती हे लिहून ठेवा. 'घरातल्या घरात कशाला लिहायचं' या संकोचात राहू नका. लिहिलेलं असेल तर पुढे नातं शाबूत राहायला मदतच होते.

पैसे पाठवताना आणि नंतर

कंप्लिशनच्या आधी सॉलिसिटरच्या नावाने ईमेल येतो: 'आमचं बँक खातं बदललंय, नव्या खात्यात भरा.' ही फसवणूक आहे, आणि यात लोकांची आयुष्यभराची बचत गेली आहे. सुरुवातीलाच खाते क्रमांक फोनवर किंवा समोर बसून घ्या. मोठी रक्कम पाठवण्याआधी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून पडताळा, ईमेलमधल्या नंबरवर नव्हे.

सॉलिसिटर उत्तरच देत नाही, चूक झाली, फी अचानक वाढली, तर आधी फर्मकडे लेखी तक्रार करा; तक्रारी कोण बघतो ते त्यांच्या पहिल्या पत्रात असतं. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बुड्समनकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही. फर्मच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून ते उत्तर आलेला ईमेल जपून ठेवा.

कंप्लिशननंतर चौदा दिवसांत स्टॅम्प ड्युटीचं विवरण जातं, मग लँड रजिस्ट्रीत नावाचा अर्ज. त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. नोंद झाल्याचं कळलं की प्रत मागवा आणि स्वतः वाचा: नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे ना, विकणाऱ्याचं मॉर्गेज तिसऱ्या भागातून गेलं ना, तुमचंच आलं ना. मग लँड रजिस्ट्रीच्या मोफत प्रॉपर्टी अलर्टमध्ये घर नोंदवा, म्हणजे तुमच्या घरावर कोणी कर्ज काढायचा किंवा ते विकायचा अर्ज केला की तुम्हाला ईमेल येईल. घर भाड्याने देऊन भारतात परतणार असाल तर हे नक्कीच करा, आणि रजिस्ट्रीत संपर्कासाठी भारतातला पत्ता आणि ईमेलही देऊन ठेवा.